डिकन्सची फुकट पुस्तकं आणि आपल्या पीडीएफ

जानेवारी १८४२मध्ये चार्ल्स डिकन्स बोस्टनला उतरला, तेव्हा अमेरिकेत त्याची पुस्तकं घरोघरी वाचली जात होती. त्यातल्या बहुतेक प्रतींचा त्याला एक पैसाही मिळालेला नव्हता. मेजवान्यांमधल्या भाषणांत त्याने हा विषय काढला, तर अमेरिकन वर्तमानपत्रं उलट त्याच्यावरच तुटून पडली.

याला चोरी म्हणावं, तर ती कायद्याला मान्य होती. १७९०च्या पहिल्या अमेरिकन कॉपीराइट कायद्याने फक्त नागरिकांना आणि रहिवाशांना संरक्षण दिलं होतं. परदेशी लेखकाचं पुस्तक कोणीही छापावं. लंडनचं जहाज लागलं की न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या छापखान्यांत खिळे जुळवायला सुरुवात होई. मजकूर इतरांआधी हाती यावा म्हणून काही मोठे प्रकाशक ब्रिटिश लेखकांना पैसे देत, पण ती मेहेरबानी होती, हक्क नव्हे.

वाचकांना स्वस्त पुस्तकं मिळाली, हे खरंच. पण नुकसान एकट्या डिकन्सचं झालं असं समजू नका. फुकटच्या ब्रिटिश कादंबरीपुढे मानधन मागणारा अमेरिकन लेखक प्रकाशकाला महाग पडे. म्हणूनच १८८६मध्ये मार्क ट्वेन याच प्रश्नावर सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेला. १८९१मध्ये कायदा बदलला, तोही पुस्तकाची जुळणी अमेरिकेतच व्हावी या अटीवर. बर्न करारात भारत १९२८पासून होता. अमेरिका आली १९८९मध्ये. त्याच वर्षापासून अमेरिका इतर देशांतल्या पायरसीची वार्षिक यादी काढते, आणि तिच्यात भारताचं नाव वर्षानुवर्षं आहे.

आज हा व्यवहार प्रचंड आहे. ओईसीडीच्या अंदाजाप्रमाणे २०१९मध्ये बनावट मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ४६४ अब्ज डॉलरचा, म्हणजे जागतिक व्यापाराच्या २.५ टक्के होता. इंटरनेटवरची पायरसी त्यात धरलेलीच नाही. नुकसानीचे आकडे मात्र जपून वाचावेत. २०१०मध्ये अमेरिकी काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेने सांगितलं की सरकारी कागदांत सतत फिरणाऱ्या तीन अंदाजांचा मूळ आधारच सापडत नाही. फुकट घेतलेली प्रत्येक प्रत म्हणजे बुडालेली विक्री नसते.

पण छोट्या बाजाराचं गणित वेगळं असतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची असते. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नव्या कादंबरीची स्कॅन केलेली पीडीएफ येते, आणि खाली 'धन्यवाद'ची रांग लागते. त्या रांगेत मीही उभा राहिलो आहे. टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त, ही आपली सबब खोटी नाही. तरी दोनशे जणांच्या गटातल्या पन्नास जणांनी ते पुस्तक घेतलं असतं, तर आवृत्तीचा विसावा हिस्सा तिथेच संपला असता.

अमेरिकेत बुडालेले पैसे डिकन्स इंग्लंडमध्ये कमावू शकत होता. मराठी लेखकाला दुसरा बाजार नाही. तेव्हा पुढच्या भारतवारीत ते पुस्तक विकत घ्या, पीडीएफ वाचून झाली असली तरी.