ग्राफिक्स कार्डचा स्लॉट कसा ओळखावा?



"येताना ग्राफिक्स कार्ड घेऊन ये" अशी फर्माईश भारतातल्या भाच्याकडून कधी ना कधी येतेच. पण इथून नेलेले कार्ड तिथल्या मदरबोर्डवर बसले नाही, तर ते परत करायला इथेच यावे लागते. म्हणून खरेदीआधी स्लॉट ओळखून घ्यावा. डेस्कटॉपमध्ये तीन प्रकार आढळतात आणि एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही.

१. पीसीआय (1992): सहसा पांढरा, साधारण 85 मिमी लांब. वेग सेकंदाला 133 मेगाबाइट, तोही सगळ्या कार्डांत वाटून.

२. एजीपी (1997): सहसा तपकिरी, मदरबोर्डवर एकच. पीसीआयच्या तुलनेत कॅबिनेटच्या मागच्या बाजूपासून थोडा आत सरकलेला. 8एक्स प्रकारात वेग सेकंदाला सुमारे 2.1 गिगाबाइट.

३. पीसीआय एक्स्प्रेस एक्स16 (2004 पासून बाजारात): सुमारे 89 मिमी लांब. मागच्या बाजूला छोटा भाग, मग आडवी पट्टी, पुढे लांब भाग. आज मिळणारी जवळपास सगळी कार्डे याच प्रकारची असतात.

रंगावर फार विसंबू नका, तो कंपनीगणिक बदलतो. जागा आणि पट्टी पाहा.

कॅबिनेट न उघडता
विंडोजवर जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवा. 'बस इंटरफेस' या ओळीत सध्याच्या कार्डाचा प्रकार दिसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र एक्स्प्रेस कार्डापुढेही नुसते 'पीसीआय बस' असे लिहिलेले असते. त्यावरून स्लॉट जुना आहे असे समजू नका.

एजीपीवाल्यांनी जपून
जुना पीसी दुरुस्त करायचा असेल तर व्होल्टेज तपासा. कार्डाच्या सोनेरी पिनांमधली खाच मागच्या पत्र्याच्या जवळ असेल तर कार्ड 3.3 व्होल्टचे, लांब असेल तर 1.5 व्होल्टचे. दोन्ही खाचा असल्यास सहसा दोन्हीकडे चालते. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका, मदरबोर्ड जळू शकतो.

एक्स्प्रेसमध्ये काय पाहाल?
3.0, 4.0, 5.0 या आवृत्त्या एकमेकींत चालतात. वेग दोघांपैकी कमी असेल तो मिळतो. लांबीने एक्स16 दिसणारा दुसरा स्लॉट आतून एक्स4 असू शकतो, म्हणून सहसा प्रोसेसरजवळचा वापरावा. स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्याहून जास्त लागत असतील तर पॉवर सप्लायमधून वेगळी वायर हवी: 6 पिनांची 75 वॅट, 8 पिनांची 150 वॅट देते. कॅबिनेटमधली मोकळी जागाही मोजायला सांगा.

लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप बहुधा बोर्डावरच पक्की बसवलेली असते, तेव्हा तिथे हा प्रश्न येत नाही.

सर्वात सोपा उपाय: भाच्याला प्लग काढून, कॅबिनेट उघडून मदरबोर्डचा आणि पॉवर सप्लायवरच्या लेबलचा फोटो पाठवायला सांगा. दुकानात जाण्याआधी तो नीट पाहा.