फ्लूची लस घेण्यास मन का कचरते?

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातील नायडू संसर्गजन्य रोग रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लांबच लांब रांगा लागल्या होत्या. स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी ३ ऑगस्ट रोजी याच शहरात गेला होता. औषधाच्या दुकानांतून मास्क मिळेनासे झाले, शाळा व चित्रपटगृहे बंद ठेवावी लागली. भारतात तयार झालेल्या लसी मात्र २०१० च्या जून-जुलैमध्ये बाजारात आल्या. त्यांत पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली, नाकात फवारण्याची लसही होती. तोपर्यंत रांगा ओसरल्या होत्या. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ संपल्याचे जाहीर केले आणि लसीचा विषयही मागे पडला.

विषाणू मात्र गेला नाही. एच१एन१ हा तेव्हापासून दरवर्षीच्या हंगामी फ्लूचाच एक भाग बनला आहे. २०१५ मध्ये त्याने देशात २,९९० आणि एकट्या महाराष्ट्रात ९०५ बळी घेतल्याची नोंद आहे. असे असूनही बहुसंख्य प्रौढ नागरिक फ्लूच्या लसीचा विचारही करीत नाहीत. लसीबाबतची टाळाटाळ आणि फ्लूची संभाव्य जागतिक साथ, या दोन्हींचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आरोग्यापुढील दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत केला होता. या टाळाटाळीला केवळ अज्ञान म्हणणे योग्य ठरणार नाही, कारण तिच्यामागील बहुतेक शंकांना काही ना काही आधार आहे.

‘साधा ताप’ हा समज

आपल्याकडे सर्दी, पडसे, कणकण आणि फ्लू यांत फारसा फरक केला जात नाही. काढा घ्यावा, दोन दिवस पडून राहावे, की झाले, अशी सर्वसाधारण धारणा असते. धडधाकट माणसाच्या बाबतीत ती बऱ्याचदा खरीही ठरते. परंतु ६५ वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया, पाच वर्षांखालील बालके, तसेच मधुमेह, दमा, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांच्यात फ्लूचे पर्यवसान न्यूमोनियात होऊ शकते. हंगामी फ्लूमुळे उद्भवणाऱ्या श्वसनविकारांनी जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार लोक दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

‘लस घेतली आणि तापच आला’

सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार हीच. इंजेक्शनद्वारे दिल्या जाणाऱ्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. त्यामुळे तिच्यातून फ्लू होणे शक्य नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस बारीक ताप असणे, ही शरीराची प्रतिक्रिया असते. नाकात फवारण्याच्या लसीत मात्र दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. म्हणूनच ती गर्भवतींना व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना दिली जात नाही. शिवाय लस घेतल्यानंतर पुरेसे संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. या काळात फ्लूची लागण झाली, किंवा सर्दीच्या अन्य एखाद्या विषाणूने गाठले, तरी दोष लसीच्या माथी येतो.

दरवर्षी कशासाठी?

देवीची वा गोवराची लस दरवर्षी घ्यावी लागली नाही, मग हीच का, हा प्रश्न रास्त आहे. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटत असतो आणि लसीने मिळालेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरू लागते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर व दक्षिण गोलार्धांसाठी, लसीचे घटक नव्याने सुचविते. अंदाज जुळला तरी डॉक्टरकडे जावे लागेल असा आजार टाळण्यात ही लस साधारणतः ४० ते ६० टक्के प्रभावी ठरते. हे प्रमाण गोवराच्या लसीपेक्षा बरेच कमी आहे. मात्र लागण झालीच, तर आजाराची तीव्रता आणि रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता तिच्यामुळे घटते.

नावाच्या साधर्म्यामुळेही गोंधळ होतो. बाळांना दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीतील ‘हिब’ हा घटक हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूविरुद्ध असतो. फ्लूच्या विषाणूशी त्याचा काहीही संबंध नाही.

जुन्या घटनेची छाया

अमेरिकेत १९७६ मध्ये स्वाइन फ्लूच्या धास्तीने सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईघाईने लस टोचण्यात आली. अपेक्षित साथ आलीच नाही. उलट दर एक लाख लसधारकांमागे सुमारे एकाला गुलियन बॅरे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा विकार जडल्याचे दिसून आले आणि मोहीम थांबवावी लागली. त्यानंतरच्या हंगामी लसींबाबत हे प्रमाण दहा लाखांत एक-दोन रुग्ण इतके अत्यल्प आढळले आहे. प्रत्यक्ष फ्लू झाल्यास हा विकार होण्याची शक्यता त्याहून अधिक असते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात याच विकाराचे रुग्ण वाढले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. त्या वेळी तपासणीत काही रुग्णांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला होता आणि संशय दूषित पाण्यावर होता, लसीवर नव्हे.

खर्च आणि गैरसोय

इच्छा असूनही लस न घेणारेही अनेक आहेत. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात या लसीचा समावेश नसल्याने खासगी दवाखान्यात एका मात्रेसाठी हजार-दोन हजार रुपये मोजावे लागतात. चार जणांच्या कुटुंबाला हा खर्च दरवर्षी पेलणे कठीण. महाराष्ट्रात २०१५ पासून गर्भवती स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी शासनातर्फे मोफत लसीकरण सुरू करण्यात आले. ज्यांना सर्वाधिक धोका आहे, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचणे महत्त्वाचे आहे.

उपाय काय?

राज्यात फ्लूचा जोर प्रामुख्याने पावसाळ्यात आणि काही प्रमाणात हिवाळ्यात असतो. साथीची बातमी आल्यावर धावाधाव करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. त्याऐवजी पावसाळ्यापूर्वी लस घेणे श्रेयस्कर. पूर्वी लसीची तीव्र ॲलर्जी झालेल्यांनी वा गुलियन बॅरे होऊन गेलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अंगात ताप असल्यास तो उतरेपर्यंत थांबणे इष्ट.

‘लस घ्या, फ्लू होणारच नाही’ असे आश्वासन दिले, तर पहिल्याच तापाला विश्वास उडतो. लस काय करू शकते आणि काय नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगितले, तरच घरातील आजी-आजोबा आणि गर्भवती सून यांच्यासाठी तिचा निर्णय वेळेत होऊ शकेल.