चष्म्याचा सैल स्क्रू आणि लंडनचा दगड



यंदा चातुर्मासात आमच्या सासूबाईंचं सकाळचं वाचन बंद पडलं. "डोळे गेले गं माझे," एवढं एकदाच म्हणाल्या आणि पोथी रुमालात गुंडाळून ठेवली. तांदळाचं ताटही माझ्याकडे सरकवलं. "माझ्याच्यानं आता दिसत नाही, एखादा जीव राहून जायचा." चाळीस वर्षं या घराचं धान्य त्यांनी निवडलंय. ते ताट माझ्या मांडीवर आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर होता तोच! डॉक्टरीणबाईंनी चष्मा हातात घेऊन नुसता हलवला, तर डावी काडी कुलपाच्या कडीसारखी लटकली. बिजागरीचा स्क्रू अर्धा बाहेर आला होता. त्यामुळे चष्मा नाकावरून घसरायचा, काचेतला वाचायचा खालचा भाग आणखी खाली जायचा, आणि सासूबाई पोथीकडे लांबच्या नंबरातून बघायच्या. असे दोन महिने गेले.

फ्रेम घेतली होती त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "आजी एका हातानं काढत असतील. नीट वापरायला शिकवा त्यांना." फ्रेम घेऊन पाच महिने झालेले. घरी आल्यावर सासूबाई म्हणतात, "खरंय, माझाच हात जड आहे." फ्रेम हलकी निघाली, आणि दोष मात्र त्यांनी आधी स्वतःच्या डोळ्यांना आणि मग हाताला लावला. हे काही माझ्या मनातून जाईना. मग रात्री भांडी आवरून चष्म्याचा इतिहास वाचत बसायची सवयच लागली.

चष्मा इटलीतला. १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये जिओर्दानो नावाच्या एका ख्रिस्ती साधूनं प्रवचनात सांगितलं, की ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. म्हणजे साधारण १२८६च्या सुमाराची गोष्ट. पहिला चष्मा ज्यानं केला त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. पण पिसा गावचे अलेस्सांद्रो देल्ला स्पिना नावाचे दुसरे एक साधू होते. त्यांनी चष्मा पाहिला, स्वतः करून बघितला आणि करायची रीत सगळ्यांना मोकळेपणानं सांगून टाकली.

त्या चष्म्याला काड्या नव्हत्या आणि स्क्रूही नव्हता. दोन गोल चौकटी, प्रत्येकीला छोटा दांडा, आणि दोन्ही दांड्यांची टोकं एका खिळ्यानं जोडलेली. कात्री जशी एका खिळ्यावर फिरते तसंच. तो नाकावर चिमटीसारखा बसवायचा. खिळा घट्ट असेल तोवर ठीक. सैल झाला की चौकटी फिरायच्या आणि चष्मा खाली. म्हणजे सैल सांध्याचं दुखणं चष्म्याच्या जन्मापासूनचं आहे.

जर्मनीत विनहाउझेन नावाच्या गावी साध्वींचा एक जुना मठ आहे. १९५३ साली तिथल्या प्रार्थनेच्या जागेची लाकडी जमीन उचकटली, तर फळ्यांच्या खाली असेच खिळ्याचे चष्मे सापडले. लाकडाच्या चौकटीचे. जगात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या चष्म्यांत ते मोजतात. प्रार्थना म्हणता म्हणता कुणा साध्वीच्या नाकावरून निसटून फटीत गेले असणार, दुसरं काय! मी हे वाचलं तेव्हा घरात सगळे झोपले होते, नाहीतर तेव्हाच सासूबाईंना उठवून सांगितलं असतं.

पुढे मागणी वाढली, तसा स्वस्त मालही वाढला. न्यूरेम्बर्गचे कारागीर एकाच तारेला वळवून अख्खी चौकट करायचे. फेरीवाले ते चष्मे गावोगाव विकत. साध्या माणसाच्या नाकावर चष्मा आला तो या तारेच्या मालामुळे, म्हणून मी स्वस्ताला सरसकट नावं ठेवणार नाही. पण स्वस्त वेगळं आणि फसवं वेगळं. हा फरक लंडनमध्ये फार जोरात करून दाखवला गेला.

लंडनच्या चष्मेकारांच्या संघाला १६२९ साली राजा पहिला चार्ल्स यानं सनद दिली. वाईट माल शोधून तो नष्ट करायचा अधिकार संघाकडे होता. १६७१ साली एका दुकानात त्यांना बावीस डझन चष्मे मिळाले. काच वाईट आणि चौकटही वाईट. म्हणजे २६४ चष्मे! रीतसर न्यायनिवाडा झाला. माल खोटा आणि विकायला नालायक ठरला. मग कॅनन स्ट्रीटवरच्या 'लंडन स्टोन' नावाच्या दगडावर ठेवून हातोड्यानं सगळ्यांचा चुरा केला, काचेसकट, चौकटीसकट. पाच वर्षांपूर्वीच आगीनं ते शहर जळालं होतं, घरं अजून उभी राहत होती, तरी एवढं करायला त्यांना वेळ होता. तो दगड आजही त्याच रस्त्यावर आहे.

हे करण्यात संघाचा स्वार्थ होताच, आपला धंदा दुसऱ्यानं बुडवू नये हा. पण एक गोष्ट मला फार आवडली. चष्मा वाईट निघाला तर गिऱ्हाइकाला "नीट वापरायला शिका" असं तिथं कुणी सांगितलं नाही.

कानावरच्या काड्या त्यानंतर आल्या. लंडनचा एडवर्ड स्कार्लेट १७३०च्या आसपास काड्यांचे चष्मे विकत होता, आणि १७५२ साली जेम्स ऐस्कॉफनं मधोमध घडी होणाऱ्या काड्यांची जाहिरात केली. घडी आली म्हणजे बिजागरी आली, आणि बिजागरीत स्क्रू. आपण कुड्यांचं मळसूत्र फिरवतो ना, तसेच आटे, पण त्याहून बारीक. तेव्हा हे आटे हातानं पाडायचे, त्यामुळे एका चष्म्याचा स्क्रू दुसऱ्याला बसेलच असं नव्हतं. १८००च्या सुमारास हेन्री मॉडस्लीच्या यंत्रानं एकसारखे आटे पाडता येऊ लागले, तेव्हा ती अडचण सुटायला लागली.

आपल्याकडचा चष्म्याचा इतिहास शोधला तो एका कोकणातल्या माणसानं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत अनेक वर्षं क्युरेटर असलेले परशुराम कृष्ण गोडे. नथ कुठून आली, जिलबी कधीपासून, असल्या आपल्या घरातल्या गोष्टींवर त्यांनी अभ्यासपूर्ण लेख लिहिले, आणि तसाच एक १५०० ते १८०० या काळातल्या भारतातल्या चष्म्यांवर. विजयनगरचे व्यासराय स्वामी चष्मा लावून पोथी वाचतात, असा उल्लेख त्यांच्या संस्कृत चरित्रात आहे. ही सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. म्हणजे आपल्याकडेही चष्मा आला तो पोथीपाशीच.

आता आमच्या फ्रेमचं. शेवटी चौकातल्या घड्याळवाल्या काकांकडे नेली. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "ताई, स्क्रू आवळून उपयोग नाही. भोकातले आटेच गेलेत. धातू मऊ आहे." आरपार जाणारा लांब स्क्रू घातला, मागून इवलीशी चाकी लावली, आणि डोक्यावर रंग नसलेल्या नेलपॉलिशचा एक थेंब सोडला. तो वाळला की स्क्रू सहजी फिरत नाही. घरीही करता येतं, फक्त थेंब काचेवर पडू देऊ नका. चष्मा दोन हातांनी काढावा हे त्यांनीही सांगितलं, पण चांगल्या फ्रेमचे आटे पाच महिन्यांत जात नाहीत हेही सांगितलं. नवी फ्रेम घेताना मी आता काडी उघडून वरखाली हलवून बघते. डगडगली की परत ठेवते, रंग कितीही आवडो.

तांदळाचं ताट त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोथी रुमालातून निघाली. मी त्यांना विनहाउझेनची गोष्ट सांगितली, फळ्यांखालच्या चष्म्यांची. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पान उलटता उलटता म्हणाल्या, "पण मग त्या बाईनं पुढं वाचलं कशानं गं?"