पानिपतची संक्रांत

‘पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा’ हा प्रश्न आपल्या बॅचमध्ये कोणाला चुकला होता? आपण पाच मुद्दे लिहायचो, बाई पाच गुण द्यायच्या. आता दर जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर सहावा मुद्दा येतो : लढाई ऐन संक्रांतीला झाली!

लढाई १४ जानेवारी १७६१ ची, हे खरे. पण संक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. तिथून मागे हिशेब केला की १७६१ ची संक्रांत १० तारखेच्या आसपास येते. म्हणजे सण होऊन गेला होता. (उपाशी छावणीत तिळगूळ कुठला म्हणा!)

तरी ही समजूत जात नाही, कारण एवढ्या मोठ्या घटनेला अपशकुन लागतोच, आणि ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार भाषेत तयारच आहे. भाऊसाहेबांच्या बखरीत मानापमान आणि न ऐकलेले सल्ले रंगतात. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला काशीराज पंडित तीच लढाई पलीकडच्या गोटातून, फारसीत सांगतो. शेजवलकरांनी भाऊंच्या माथ्यावरचे बरेचसे खापर उतरवले, तर विश्वास पाटलांच्या कादंबरीने त्यांना नायक केले.

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडतो मध्यरात्री, पण बिघाड सापडतो तीन आठवड्यांपूर्वीच्या एखाद्या साध्या बदलात. त्या सवयीने मला वाटते, पानिपत फिरले ते ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस, बागपतजवळ. अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला आणि भाऊंची दिल्लीची वाट अडली. पुढचे अडीच महिने रसद आटत गेली. पण नदी उतरणाऱ्या फौजेत कादंबरीकाराला कितीसे नाट्य मिळणार?

आणि शेवट तरी कुठे मानायचा? १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते. पण पुण्यात पार्वतीबाईंनी भाऊ गेल्याचे मान्यच केले नाही. मरेपर्यंत त्या सवाष्णच राहिल्या. भाऊंचा एक तोतयाही उभा राहिला, माणसे त्याच्याभोवती जमली, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड द्यावा लागला. लढाईला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.