बॅकबेचा शेअर

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला लँकेशायरमध्ये सोन्याचे मोल आले. त्या पैशाच्या पुरात बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. समुद्र मात्र अजून हटायचाच होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

ही सट्ट्याची कथा म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांला ती मोजमापाच्या चुकीची वाटते. त्याच बॅकबेत विसाव्या शतकात मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंट उभे राहिले. म्हणजे कल्पना खरी होती. तिच्यासाठी मोजलेली किंमत आणि धरलेली मुदत चुकली. दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराने हे दोन्ही प्रश्न आधी विचारावेत.