नाइटफॉल : नव्या गायकाने दिलेली ओळख

'नाइटफॉल' हा कँडलमास या स्वीडिश बँडचा दुसरा अल्बम. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेला हा अल्बम 'डूम मेटल' या संगीतप्रकारातील मैलाचा दगड मानला जातो. हेवी मेटलची ही शाखा विलंबित लय, खर्जात उतरवलेल्या गिटारी आणि मृत्यू, पश्चात्ताप, विनाश अशा विषयांसाठी ओळखली जाते. तिचे मूळ बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथच्या १९७० मधील पहिल्या अल्बमपर्यंत जाते.

लेइफ एडलिंग या बासवादकाने १९८४ मध्ये स्टॉकहोम परिसरात कँडलमासची स्थापना केली. तो काळ द्रुतगती 'थ्रॅश मेटल'चा होता. मेटॅलिका आणि स्लेयर यांचे गाजलेले अल्बम १९८६ मध्ये आले. त्याच वर्षी कँडलमासने 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस' हा संथ लयीतला पहिला अल्बम काढला. पुढे त्याला अभिजात मानले गेले, तरी सुरुवातीची विक्री निराशाजनक होती. त्याहून मोठी अडचण गायकाची होती. योहान लेंगक्विस्ट केवळ ध्वनिमुद्रणापुरता पाहुणा म्हणून गायला होता. बँडमध्ये कायम राहण्यास तो तयार नव्हता. आवाजच परका असेल, तर बँडची ओळख टिकणार कशी?

या प्रश्नाचे उत्तर मसाया मार्कोलिनच्या रूपाने मिळाले. 'मर्सी' या स्वीडिश बँडमध्ये गायलेला मार्कोलिन ऑपेराच्या ढंगाने, दीर्घ आणि कंपयुक्त स्वर लावत असे. धिप्पाड देह, कुरळ्या केसांचे जंगल आणि अंगात ख्रिस्ती साधूचा झगा, अशा वेषात तो मंचावर येई. गिटारवादक लार्स योहान्सन आणि ड्रमवादक यान लिंड हेही याच अल्बमपासून दाखल झाले. मॅट्स ब्यॉर्कमनची दुसरी गिटार आणि एडलिंगच्या रचना यांनी मात्र जुना धागा कायम राखला.

'द वेल ऑफ सोल्स', 'समॅरिथन', 'बिविच्ड' या गाण्यांत संथ लयीमुळे मोकळी राहिलेली जागा गायकाचा आवाज भरून काढतो. शोपँच्या प्रसिद्ध शोकयात्रा-संगीताची वाद्यावृत्तीही येथे आहे. मुखपृष्ठावर अमेरिकी चित्रकार टॉमस कोल यांच्या 'जीवनयात्रा' या चित्रमालिकेतील 'वार्धक्य' हे चित्र आहे. 'बिविच्ड'चा व्हिडिओ योनास ओकरलुंडने दिग्दर्शित केला. याच दिग्दर्शकाने पुढे १९९८ मध्ये मॅडोनाच्या 'रे ऑफ लाइट'चा व्हिडिओ केला.

मार्कोलिन १९९१ मध्ये बाहेर पडला. २००२ मध्ये तो परतला आणि २००६ मध्ये पुन्हा दुरावला. त्याच्यामागून अनेक गायक आले आणि गेले. २०१८ मध्ये परतला तो पहिल्या अल्बमचा पाहुणा लेंगक्विस्ट! त्याच्यासह केलेल्या 'द डोअर टू डूम' (२०१९) या अल्बममधील एका गाण्यात ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी पाहुणा गिटारवादक होता. त्या गाण्याला ग्रॅमीचे नामांकनही लाभले. तरीही कँडलमासचे नाव निघाले, की असंख्य रसिकांच्या डोळ्यांपुढे आजही साधूच्या झग्यातला तो गायकच उभा राहतो. 'नाइटफॉल'चे खरे यश हेच.