अंजन गवत : लागवड व तणनियंत्रण

कोरडवाहू कुरणांसाठी लावले जाणारे बहुवर्षायू चराऊ गवत. शास्त्रीय नाव सेंक्रस सिलिअरिस. उत्तर अमेरिकेतील स्विचग्रास या गवताप्रमाणे त्याचीही वाढ पहिल्या वर्षी वरून मंद दिसते आणि ते तणांपुढे हरते. खरी परीक्षा तेव्हाच. अशा कोरडवाहू कुरणांच्या बाबतीत हैदराबादच्या संतोषनगर येथील केंद्रीय बारानी शेती संशोधन संस्थेने (स्थापना 1985) हलक्या लाल जमिनींसाठी कुरण व वृक्ष यांच्या एकत्रित पद्धती अभ्यासल्या आहेत.

बी केसाळ व इतके हलके असते की मुठीतून टाकताना बोटांनाच चिकटते, वाऱ्यावर उडते. म्हणून ते शेण, चिकणमाती व वाळूत कालवून गोळ्या करतात. ताजे बी नीट उगवत नाही, काही महिने साठवावे लागते. हेक्टरी 4 ते 6 किलो बी जेमतेम 1 सेंमी. खोल पडावे, खोल पेरलेले बी वाया जाते.

तणांचा बंदोबस्त पेरणीआधीच सुरू होतो. पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यावे, मग वखराची पाळी देऊन पेरावे. पुढे एक-दोन खुरपण्या आवश्यक. सर्वांत त्रासदायक गाजर गवत. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण दख्खनभर पसरले. ते फुलोऱ्यापूर्वी, ओल असताना मुळासकट उपटावे, हातमोजे घालूनच, कारण त्याने त्वचेला खाज व पुरळ येते. पहिल्या वर्षी गुरे सोडू नयेत. ठोंब धरल्यावर अंजन पुढील तणांना स्वतःच दाबते.